जास्तीच्या लाभाची वसुली नोटीस आली? आधी हिशेब मागा, मग हरकत, माफी सर्वात शेवटी

पीएम-किसानचे हप्ते, संजय गांधी निराधारचं अनुदान, श्रावणबाळ, कुटुंब निवृत्तिवेतन. यातला कुठलाही पैसा "तुम्हाला चुकून गेला, परत भरा" असं पत्र आलं की गावात साधारण दोनच गोष्टी होतात. कोणी घाबरून भाव पडलेला असतानाही सोयाबीन विकतो आणि आठवड्याच्या आत सगळी रक्कम भरून मोकळा होतो. कोणी पत्र फोटोमागे खोचून ठेवतो आणि विसरतो. पहिल्याचे न लागणारे पैसे जातात. दुसऱ्याची मुदत जाते.

त्याहून जास्त नुकसान करणारी चूक अर्ज लिहिताना होते. "मी पात्र आहे, मी पैसे लागत नाही, तरी मी गरीब कास्तकार असून माफी द्यावी" असं एकाच अर्जात लिहिलं जातं. माफी मागितली की देणं कबूल केल्यासारखं दिसतं, आणि कार्यालय नेमकं तेवढंच वाक्य उचलतं. पात्रतेचा मुद्दा मग कोणी तपासतच नाही.

म्हणून आधी तीन वाटा वेगळ्या करा.

पहिली वाट: देणं लागतच नाही. ही हरकत.
दुसरी वाट: काही देणं लागतं, पण आकडा चुकीचा आहे. ही दुरुस्ती.
तिसरी वाट: देणं लागतं, आकडाही बरोबर आहे, पण फेडण्याची ऐपत नाही. ही माफीची किंवा हप्ते पाडून मागण्याची विनंती.

याच क्रमाने चालायचं. पहिल्या दोन वाटा लेखी उत्तराने बंद झाल्याशिवाय तिसरीकडे वळू नका.

टप्पा १ : पत्र खरं आहे का ते पाहा, आणि मिळाल्याची तारीख नोंदवा

खऱ्या पत्रावर कार्यालयाचं नाव, जावक क्रमांक, दिनांक, सही-शिक्का, योजनेचं नाव आणि रक्कम असते. पीएम-किसानचं पत्र काही तालुक्यांत तहसीलमधून येतं, काही ठिकाणी तालुका कृषी अधिकारी कार्यालयाकडून. निराधार आणि श्रावणबाळचं काम तहसीलच्या संजय गांधी शाखेत चालतं. शंका असेल तर जावक क्रमांक घेऊन त्याच कार्यालयात जा आणि नोंद दाखवायला सांगा.

पत्र कोतवालाने किंवा तलाठ्याने आणून दिलं आणि सही मागितली, तर सही नाकारू नका. सहीखाली तारीख टाका आणि लिहा: "फक्त पत्र मिळाले, मजकूर मान्य नाही." एवढ्या सहा शब्दांनी पुढचा बराच वाद वाचतो. पत्राच्या मागेही मिळाल्याची तारीख लिहून ठेवा, कारण मुदत त्या तारखेपासून मोजली जाते.

काही गावांत स्वतंत्र पत्र येत नाही, ग्रामपंचायतीच्या फलकावर नुसती यादी लागते. यादीचा तारखेसह फोटो काढा आणि "माझ्या नावे स्वतंत्र नोटीस मिळावी" असा अर्ज द्या. यादीत नाव दिसलं म्हणून पैसे भरायला धावू नका.

सावधान: फोनवर किंवा व्हॉट्सॲपवर वसुली होत नाही. "पीएम किसान" नावाची एपीके फाईल (मोबाईलमध्ये ॲप टाकणारी फाईल) आली तर उघडू नका. ओटीपी सांगू नका, कोणाच्या खासगी मोबाईल क्रमांकावर पैसे टाकू नका. पैसे गेलेच असतील तर लगेच १९३० वर तक्रार करा.

टप्पा २ : कार्यालयात जाण्याआधी कागद गोळा करा

इथे घाई झाली की पुढचं सगळं अडतं. कागदाशिवाय तहसीलमध्ये गेलं तर बोलणं तोंडी राहतं, आणि तोंडी बोलणं फाईलमध्ये लागत नाही.

सर्वात आधी बँकेचं स्टेटमेंट. पासबुकावर विसंबू नका. गावातल्या बीसीकडे (बँकेच्या प्रतिनिधीकडे) अंगठा लावून पैसे काढणाऱ्यांचं पासबुक वर्षानुवर्षं छापलेलंच नसतं, आणि छापायला गेलं की मधल्या नोंदी एकत्र करून एकच आकडा येतो. वसुलीच्या पूर्ण काळाचं स्टेटमेंट शाखेतून शिक्क्यासह घ्या. पीएम-किसानचा पहिला हप्ता डिसेंबर २०१८ ते मार्च २०१९ या काळाचा होता, त्यामुळे सुरुवातीपासूनची वसुली असेल तर स्टेटमेंटही तेव्हापासूनचं लागेल.

दुसरी गोष्ट लोकांना ठाऊकच नसते. हे पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, आणि ते खातं तुम्ही नेहमी वापरता तेच असेल असं नाही. मोबाईलचं सिम घेताना नकळत उघडलेलं पेमेंट बँकेचं खातं किंवा जुन्या पीक कर्जाचं खातं आधारला जोडलेलं निघतं. 'माय आधार' संकेतस्थळावर बँक सीडिंगची (कोणतं खातं आधारला जोडलंय त्याची) स्थिती पाहा किंवा सेवा केंद्रातून त्याची प्रिंट काढा. "मला एक रुपया मिळाला नाही" असं लिहून दिलं आणि दुसऱ्या खात्यात पैसे पडलेले निघाले, तर तुमच्या खऱ्या मुद्द्यांवरचाही विश्वास उडतो.

त्यानंतर योजनेप्रमाणे पुढचे कागद:

पीएम-किसानसाठी लाभार्थी स्थितीची प्रिंट (त्यात हप्तानिहाय तारीख आणि खातं दिसतं), सातबारा, आठ-अ आणि जमीन तुमच्या नावावर कशी आली ते सांगणारा फेरफार. कारण आयकराचं असेल तर त्या त्या वर्षाचा फॉर्म २६ एएस (तुमच्या नावे कापलेल्या आणि भरलेल्या कराचा आयकर विभागाकडचा तपशील) आणि विवरणपत्राची पोच.

निराधार किंवा श्रावणबाळसाठी मंजुरी आदेश, वयाचा पुरावा, लाभ घेतला त्या वर्षांचे उत्पन्नाचे दाखले, दरवर्षी दिलेल्या हयातीच्या दाखल्याची पोच.

पेन्शनसाठी पीपीओ (पेन्शन अदा करण्याचा आदेश), पेन्शन ठरवल्याचे आदेश आणि बँकेने निवृत्तीच्या वेळी सही करून घेतलेल्या हमीपत्राची प्रत.

लाभार्थी वारलेला असेल तर मृत्यू दाखला आणि वारसांची माहिती.

तपासा: मूळ कागद कोणालाही देऊ नका, एजंटला तर नाहीच. स्वतः साक्षांकित केलेल्या झेरॉक्स द्या.

टप्पा ३ : लेखी हिशेब मागा

वसुलीच्या पत्रात बहुतेक वेळा एक आकडा आणि "अपात्र" एवढाच शब्द असतो. तेवढ्यावर हरकत लिहिणं म्हणजे अंधारात गोफण फिरवणं. आधी हा छोटा अर्ज द्या:

"विषय : वसुली रकमेचा हप्तानिहाय तपशील मिळणेबाबत. आपल्या दि. ___ च्या जा.क्र. ___ च्या पत्राने माझ्याकडून रु. ___ परत मागण्यात आले आहेत. सदर रक्कम मला मान्य नाही. कृपया पुढील बाबी लेखी कळवाव्यात. (१) कोणत्या तारखेस किती रक्कम कोणत्या खात्यात जमा झाली. (२) मी कोणत्या निकषानुसार व कोणत्या वर्षासाठी अपात्र ठरलो. (३) ही माहिती कोणत्या अभिलेखावरून घेतली. (४) वसुली कोणत्या शासन निर्णयानुसार अथवा कायद्यानुसार आहे. (५) हरकत कोणाकडे व किती दिवसांत दाखल करावी. तपशील मिळून माझे म्हणणे ऐकले जाईपर्यंत पुढील कार्यवाही स्थगित ठेवावी."

पत्रात व्याज किंवा दंड लावला असेल तर तो कोणत्या नियमाने लावला हेही विचारा.

दोन प्रती न्या. एक द्या, दुसरीवर आवक शाखेचा शिक्का, क्रमांक आणि तारीख घ्या. "साहेब मीटिंगला गेले, ठेवून जा" असं म्हटलं तर ठेवून येऊ नका. आवक शाखेला साहेब लागत नाहीत. तरीही घेतलं नाही तर पोचपावतीसह स्पीड पोस्टने पाठवा आणि पावती अर्जाला टाचून ठेवा.

उत्तर आलं नाही तर माहिती अधिकार वापरा. शुल्क १० रुपये, कोर्ट फी स्टॅम्प चालतो, दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला शुल्क नाही. महाराष्ट्राच्या नियमांत अर्ज एकाच विषयाचा आणि १५० शब्दांच्या आत हवा, त्यामुळे गाऱ्हाणं मांडू नका, फक्त कागदाच्या प्रती मागा. ३० दिवसांत माहिती मिळाली नाही तर पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या वरिष्ठाकडे पहिलं अपील करता येतं.

सावधान: मूळ पत्रात "सात दिवसांत" किंवा "पंधरा दिवसांत" असं लिहिलं असेल तर हिशेब येण्याची वाट पाहत ती मुदत जाऊ देऊ नका. मुदतीच्या आत चार ओळींची प्राथमिक हरकत द्या आणि "तपशील मिळाल्यावर सविस्तर म्हणणे मांडेन" असं शेवटी लिहा.

टप्पा ४ : कारण ओळखा आणि त्याच कारणाला उत्तर द्या

ज्या कारणाने अपात्र ठरवलं त्याच कारणावर बोला. आयकराच्या कारणावर अडीच एकर कोरडवाहू वावर आणि मुलीचं लग्न लिहून काही होत नाही.

*आयकरदाता म्हणून अपात्र (पीएम-किसान)*

सर्वात जास्त नोटिसा या कारणाच्या आहेत आणि सर्वात जास्त घोळही इथेच आहे. योजनेची अट अशी की मागच्या कर निर्धारण वर्षात ज्याने आयकर भरला तो अपात्र. विवरणपत्र भरणं आणि कर भरणं यात फरक आहे. ट्रॅक्टरच्या किंवा दुचाकीच्या कर्जासाठी कोणी शून्य कराचं विवरणपत्र भरलं असेल तर त्याने कर भरलेला नाही. मुदत ठेवीवर टीडीएस (आधीच कापून घेतलेला कर) कापला आणि तो सगळा परत मिळाला, तरी कर शून्यच. विवरणपत्राची पोच आणि आयकर विभागाची सूचना यांत "एकूण देय कर" हा रकाना असतो, त्याच्याभोवती पेनाने गोल करून झेरॉक्स लावा.

दुसरा मुद्दा वर्षाचा. गोसीखुर्द किंवा समृद्धी महामार्गासारख्या प्रकल्पांत जमीन गेलेल्या कोणाला न्यायालयातून वाढीव मोबदल्यावरचं व्याज मिळालं, त्यावर टीडीएस कापला गेला आणि त्या एका वर्षात खरोखर कर लागला, असं होऊ शकतं. पण म्हणून सुरुवातीपासूनचे सगळे हप्ते परत मागणं चूक आहे. अट वर्षाला बांधलेली आहे, तेव्हा कोणत्या वर्षाच्या करामुळे कोणते हप्ते अपात्र ठरले हे कार्यालयाने सांगायला हवं. वर्ष वाचताना एक लक्षात ठेवा: २०२०-२१ या आर्थिक वर्षाच्या कमाईचं कर निर्धारण वर्ष २०२१-२२ असतं. पत्रात कोणतं वर्ष लिहिलंय ते पाहूनच २६ एएस जोडा, नाहीतर तुमचा कागद एका वर्षाचा आणि आरोप दुसऱ्या वर्षाचा असं होतं.

समजा नोटीस १२ हप्त्यांची, ₹२४,००० ची आहे. तुमच्या स्टेटमेंटवर १० हप्ते दिसतात, दोन हप्ते परत गेल्याचं स्थितीच्या प्रिंटवर आहे. कर फक्त एका वर्षी लागला आणि त्या वर्षाचे हप्ते तीन. तर वाद २४ हजारांचा नाही, जास्तीत जास्त ₹६,००० चा आहे. ही आकडेमोड अर्जातच मांडा. टेबलामागच्या माणसाने ती स्वतः करावी अशी अपेक्षा ठेवू नका.

*नोकरी किंवा पेन्शन*

दरमहा ₹१०,००० किंवा त्याहून जास्त पेन्शन असलेले अपात्र आहेत, पण त्यातून चतुर्थ श्रेणीचे, म्हणजे गट 'ड' चे कर्मचारी वगळलेले आहेत. सेवेत असलेल्या शिपाई, परिचर यांनाही हीच सूट आहे. निवृत्त शिपायाला नोटीस आली असेल तर सेवापुस्तकाचं पहिलं पान किंवा श्रेणी दाखवणारा आदेश लावा. मानधनावरच्या अंगणवाडी सेविकेला किंवा आशा सेविकेला नियमित कर्मचारी धरलं असेल तर नियुक्तीपत्र लावून हरकत घ्या.

*जमीन नंतर नावावर आली*

जमीन १ फेब्रुवारी २०१९ रोजी नावावर असणं लागतं. त्यानंतर विकत घेतलेल्या किंवा वाटणीत आलेल्या जमिनीवर लाभ मिळत नाही, मात्र मालक वारल्यामुळे वारसाहक्काने आलेली जमीन चालते. विदर्भात बाप जिवंत असताना तोंडी वाटणी होते, आणि फेरफार पुष्कळ उशिरा पडतो. म्हणून फेरफारावरचं कारण नीट वाचा. "वारस" असेल तर मृत्यू दाखल्यासह हरकत घ्या. "वाटणी" किंवा "खरेदी" असेल आणि तारीख नंतरची असेल, तर पहिली वाट सोडा आणि आकडा तपासायला लागा.

*नवरा-बायको दोघांना लाभ*

पती, पत्नी आणि अज्ञान (१८ वर्षांखालची) मुलं मिळून एक कुटुंब, त्यामुळे एकाचेच हप्ते वैध. दोघांकडूनही वसुली लावली असेल तर एकाची रद्द करायला सांगा. सज्ञान मुलाच्या स्वतःच्या नावावर सातबारा असेल तर त्याचं कुटुंब वेगळं.

*नावात घोळ*

एकाच गावात एकाच नावाचे, एकाच आडनावाचे तीन-चार जण असतात. नोंदणी क्रमांक, गट क्रमांक आणि आधारचे शेवटचे चार अंक जुळवा. एखादा जरी जुळला नाही तरी तोच तुमचा पहिला मुद्दा.

*निराधार, श्रावणबाळ*

इथे आकड्याच्या चुका जास्त. अनुदान २०२३ मध्ये ₹१,००० वरून ₹१,५०० झालं. मागच्या सगळ्या महिन्यांना सरसकट १,५०० ने गुणलं असेल तर आकडा फुगलेला आहे. उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ₹२१,००० इतकी तोकडी आहे की मुलगा रोजंदारीला लागला तरी घर तिच्या बाहेर पडतं. म्हणून आजच्या उत्पन्नावरून मागची सगळी वर्षं अपात्र ठरवली असतील तर प्रत्येक वर्षाचा वेगळा दाखला पुढे करा. निराधारचा लाभ घेणाऱ्या विधवा बाईच्या नावाने सेवा केंद्रात किंवा कोणा मध्यस्थाने लाडकी बहीणचाही अर्ज भरून टाकला, असे प्रकार आहेत. दुसऱ्या योजनेतून महिन्याला ₹१,५०० मिळत असतील तर लाडकी बहीण मिळत नाही. अशा वेळी एक लाभ लेखी अर्जाने स्वतःहून बंद करा. वसुली वाढत जाणं तिथेच थांबतं.

*लाभार्थी वारल्यावर जमा झालेले पैसे*

हे बहुतेक वेळा खरंच परत द्यावे लागतात. खात्यात पडून असतील तर हात लावू नका, बँकेला आणि तहसीलला मृत्यू दाखला द्या. वारसाची जबाबदारी मयताच्या मालमत्तेतून जेवढं मिळालं तेवढ्यापुरतीच असते. ज्या मुलाला काहीच मिळालं नाही त्याच्या स्वतःच्या खिशातून मागणी होत असेल तर तसं स्पष्ट लिहा.

टप्पा ५ : हरकतीचा अर्ज

एका पानात बसवा. क्रम असा: पत्राचा संदर्भ, "रक्कम मान्य नाही" हे एक वाक्य, मुद्दे क्रमांक देऊन, प्रत्येक मुद्द्यापुढे कागदाचा क्रमांक, आणि शेवटी नेमकी मागणी. "योग्य ती कार्यवाही व्हावी" ही मागणी नव्हे. "रु. २४,००० ची वसुली रद्द करावी, किंवा पुराव्यानुसार ती रु. ६,००० इतकी दुरुस्त करावी, सुनावणीची तारीख द्यावी आणि कारणांसह लेखी आदेश द्यावा" ही मागणी.

या अर्जात माफी, गरिबी, आजारपण यातलं काहीही नको.

खोटं तर अजिबात नको. नोंदणीच्या वेळी तुम्ही स्वयंघोषणा दिली असेल आणि त्यातलीच बाब लपवली असेल, तर ती फाईलमध्ये आहे. अशा वेळी हरकत सोडून सरळ आकडा तपासणं आणि हप्ते मागणं शहाणपणाचं. उलट, अर्ज सेवा केंद्राने भरला आणि तुम्ही सगळी माहिती खरी सांगितली होती, किंवा तुम्ही अपात्र झाल्याचं आधी लेखी कळवूनही पैसे येत राहिले, तर ते ठळक लिहा. चूक कोणाची होती हा मुद्दा पुढे माफीच्या वेळीही कामी येतो.

तपासा: अर्जावर तारीख, मोबाईल क्रमांक, नोंदणी क्रमांक, जोडपत्रांची यादी आणि प्रत्येक झेरॉक्सवर सही आहे ना?

टप्पा ६ : सुनावणी, आदेश आणि अपील

सुनावणीला मूळ कागद दाखवायला न्या. जे बोललात ते लिहून घेतलं का ते पाहा, आणि वाचल्याशिवाय सही किंवा अंगठा देऊ नका. वाचता येत नसेल तर सोबत वाचणारा माणूस न्या. जबाबात "मी रक्कम भरण्यास तयार आहे" असं छापील वाक्य आधीच असेल तर ते खोडायला सांगा.

आदेश विरोधात गेला तर पुढची पायरी त्यात लिहिलेल्या कायद्यावर ठरते. जमीन महसुलाची थकबाकी म्हणून वसुली करण्याचा आदेश तहसीलदाराने महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ खाली दिला असेल, तर कलम २४७ प्रमाणे उपविभागीय अधिकाऱ्याकडे अपील जातं. मुदत ६० दिवस. उशीर झाला तर सबळ कारण देऊन माफ करून घेता येतो, पण पेरणीचं कारण सांगण्यापेक्षा वेळेत जा. नुसत्या अपिलाने वसुली थांबत नाही, स्थगितीचा अर्ज सोबतच द्यावा लागतो. लोक हाच विसरतात.

आदेशच मिळत नसेल, अर्ज पडून असेल, तर 'आपले सरकार' तक्रार पोर्टल आहे, आणि दर महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी तालुक्याला, पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. तालुक्याचा टप्पा आधी. तिथे टोकन क्रमांक मिळतो आणि उत्तर द्यावंच लागतं.

वकील परवडत नाही म्हणून अपील सोडू नका. तालुक्याच्या न्यायालयात तालुका विधी सेवा समिती असते. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातीचे लोक आणि दिव्यांग यांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत वकील मिळतो, बाकीच्यांना उत्पन्नाच्या मर्यादेत. चौकशीसाठी १५१०० हा क्रमांक आहे.

सावधान: अतिवृष्टीची किंवा गारपिटीची मदत बँकेने या वसुलीत किंवा कर्जात परस्पर वळवली तर लगेच लेखी हरकत घ्या. त्या मदतीतून बँकांनी कोणतीही वसुली करू नये, असं मदतीच्या शासन निर्णयांत लिहिलेलं असतं. तो निर्णय तहसीलमधून मिळवा आणि अर्जाला जोडा.

पेन्शनधारकांसाठी वेगळं

निवृत्त शिक्षक, ग्रामसेवक, शिपाई यांच्या जास्तीच्या पेन्शनचं प्रकरण वरच्या योजनांपेक्षा वेगळं आणि कायद्याने जास्त भक्कम आहे. सर्वोच्च न्यायालयाने रफिक मसीह प्रकरणात (डिसेंबर २०१४) सांगितलं की तृतीय आणि चतुर्थ श्रेणीतल्यांकडून, निवृत्त झालेल्यांकडून किंवा वर्षभरात होणाऱ्यांकडून, आणि वसुलीच्या आदेशाआधी पाच वर्षांहून जास्त काळ जादा रक्कम दिली गेली असेल तर, अशी वसुली करता येणार नाही. चूक कार्यालयाची असावी, तुम्ही काही लपवलेलं नसावं, हे यात गृहीत आहे. २०२२ च्या थॉमस डॅनिअल प्रकरणातही न्यायालयाने निवृत्त शिक्षकाच्या बाजूने हेच तत्त्व लावलं.

आपल्या भागातलं उदाहरण २०२० चं आहे. भंडाऱ्याच्या आयुध निर्माणीतून निवृत्त झालेल्या एका वयोवृद्ध कर्मचाऱ्याची पेन्शन बँकेने परस्पर कमी करून वसुली सुरू केली होती. नागपूर खंडपीठाने ती रद्द केली. पेन्शन ठरवणं हे बँकेचं काम नाही, हा त्यातला कामाचा मुद्दा. म्हणून बँकेने कपात केली तर पहिला प्रश्न: कोषागाराचा किंवा विभागाचा आदेश कुठे आहे?

अडचण येते ती हमीपत्राची. "जादा रक्कम गेल्यास परत करीन" असं तुम्ही लिहून दिलं असेल तर २०१६ च्या जगदेव सिंग निकालाचा आधार घेऊन वसुली मागितली जाते. म्हणून हमीपत्राची प्रत आधी मिळवा: त्यात काय आहे, कधी घेतलं, कोणत्या वाढीसाठी घेतलं. बँकेकडे लेखी तक्रार करूनही ३० दिवसांत उत्तर नाही किंवा समाधान नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क जाता येतं.

हे निकाल नोकरदारांच्या पगार-पेन्शनबद्दलचे आहेत. पीएम-किसानच्या अर्जात ते तसेच्या तसे चिकटवू नका.

टप्पा ७ : माफी किंवा हप्ते

पहिल्या दोन वाटा संपल्या, आकडा पक्का झाला, आता ही विनंती. स्पष्ट सांगायचं तर पीएम-किसानच्या वसुलीत माफी हा हक्क नाही. पूर्ण माफी क्वचित मिळते, हप्ते मात्र मागितल्यावर मिळण्याची शक्यता बरीच असते. म्हणून अर्जात दोन्ही मागा: आधी सूट, ती शक्य नसल्यास हप्ते.

इथे घरची परिस्थिती लिहायची, आणि आकड्यांत लिहायची. महिन्याचं उत्पन्न, औषधांचा खर्च, थकीत पीक कर्ज, दिव्यांग किंवा दीर्घ आजारी माणूस, शेतकरी आत्महत्याग्रस्त कुटुंब असेल तर ते, नापिकीचा पंचनामा. प्रत्येकाला कागद. चूक कार्यालयाची किंवा सेवा केंद्राची असल्याचा पुरावा असेल तर तो सर्वात वर.

हप्ते असे मागा जे पाळता येतील. कापूस-सोयाबीनवाल्याने जून-जुलैचा हप्ता कबूल करू नये, तेव्हा बी-बियाण्यालाच पैसा पुरत नाही. दिवाळीनंतरचे महिने धरा. भंडारा-गोंदियाकडच्यांनी धानाचे चुकारे हाती पडल्यानंतरची तारीख टाका, खरेदी केंद्रावर धान दिल्याची तारीख नको. दोन हप्ते चुकले की दिलेली सवलत रद्द होण्याची भीती असते, म्हणून ५०० रुपयांचा का होईना, पण जमेल तोच हप्ता लिहा.

अपील चालू असताना दबावाखाली काही भरावं लागलंच, तर अर्जात लिहा: "हरकतीचा हक्क राखून रक्कम भरत आहे."

टप्पा ८ : पैसे भरणं आणि प्रकरण बंद करणं

पीएम-किसानचे पैसे संकेतस्थळावरच्या परतावा पर्यायातून भरता येतात, किंवा कार्यालयाने लेखी दिलेल्या सरकारी खात्यात. रोख कोणाच्या हातात देऊ नका. तहसीलमध्ये भरलं तर छापील पावती घ्या. ऑनलाइन भरलं तर व्यवहार क्रमांकाची प्रिंट घेऊन तिची एक प्रत कार्यालयात आवक करा, कारण ऑनलाइन भरलेलं तालुक्याच्या यादीत आपोआप दिसेल याची खात्री नसते. आधी भरूनही दुसऱ्यांदा नोटीस येते ती यामुळेच.

भरल्यावर किंवा वसुली रद्द झाल्यावर "या लाभार्थ्याकडे कोणतीही रक्कम बाकी नाही" असं पत्र मागा. हरकत मान्य झाली असेल तर लाभ पुन्हा सुरू करण्याचा अर्ज वेगळा द्यावा लागतो, नुसत्या आदेशाने हप्ता सुरू होत नाही. त्या अर्जात रोखलेल्या हप्त्यांच्या तारखा लिहा, ई-केवायसी आणि आधार सीडिंग पूर्ण करून घ्या. नमो शेतकरीचा राज्याचा हप्ता पीएम-किसानवर अवलंबून असल्याने तोही अडकलेला असतो, त्याचा उल्लेख त्याच अर्जात करा. पुढच्या हप्त्याच्या वेळी स्थितीची प्रिंट काढून पाहा. "अपात्र" हा शेरा तसाच दिसत असेल तर आदेशाची प्रत घेऊन शेरा काढायला सांगा, कारण पुढच्या वसुली यादीत नाव पुन्हा त्याच शेऱ्यावरून येतं.